पिस्गाच्या ओढ्याकाठी

उत्तर कॅरोलायनाच्या पश्चिम भागात, अ‍ॅपलेशियन डोंगररांगेच्या पायथ्याशी ब्रेव्हर्ड नावाचं लहानसं गाव आहे. गावाबाहेर २७६ क्रमांकाचा हायवे उत्तरेला वळतो आणि पिस्गा राष्ट्रीय वनात शिरतो. वळणाच्या अलीकडे पेट्रोल पंप, खाणावळी, सुपरमार्केट असा नेहमीचा पसारा. पलीकडे थोड्याच अंतरावर मोबाइलचा सिग्नल जातो आणि रस्त्याच्या कडेने डेव्हिडसन नदी वाहू लागते. पात्र रुंदीला बेताचं, पाणी घोट्यापासून कमरेपर्यंत, आणि इतकं नितळ की तळाचा एकेक गोटा वेगळा दिसतो. दोन्ही काठ ऱ्होडोडेंड्रॉनच्या झुडपांनी झाकलेले. वरच्या डोंगरांतून लुकिंग ग्लास, अ‍ॅव्हरी असे ओढे येऊन तिला मिळतात. या ट्रान्सिल्व्हेनिया काउंटीत अडीचशेच्या आसपास धबधबे आहेत.

अशा ओढ्यांच्या काठी अमेरिकन माणूस आपलं चाकांवरचं घर आणून लावतो आणि चार दिवस राहतो. त्या देशात ही हौस जुनी आहे. १९१५ ते १९२४ या काळात थॉमस एडिसन, हेन्री फोर्ड आणि हार्वे फायरस्टोन बहुतेक वर्षी उन्हाळ्याच्या सुमारास मोटारींचा ताफा घेऊन तंबूत राहायला निघत. १९१८ साली ते याच डोंगरांतून गेले. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पाला मोटारीतून भटकणाऱ्यांची ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही संघटना झाली. पुढे एअरस्ट्रीमचे चकाकते ॲल्युमिनियमचे ट्रेलर आले, विनेबेगोच्या मोटारहोम आल्या. आज या सगळ्या प्रकाराला सरसकट आरव्ही म्हणतात.

खासगी आरव्ही पार्कात गाडी लावली की वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्हींच्या जोडण्या मिळतात. तिथलं आयुष्य घरातल्यासारखंच. राष्ट्रीय वनातली साधी जागा याच्या नेमकी उलट. झाडांमध्ये खडी पसरलेली एक पट्टी, जाड फळ्यांचं टेबल, शेकोटीसाठी जमिनीत रुतवलेलं लोखंडी कडं, कुठे अस्वलाला उघडता येणार नाही अशी शिधा ठेवायची पेटी. विजेचा खांब नाही, गाडीपर्यंत नळ नाही, गटार नाही. काही कॅम्पांत सामायिक नळ असतो, काहींत तोही नाही. वनखात्याच्या कच्च्या रस्त्यांच्या कडेला तर कित्येक जागी तंबूचं चित्र असलेला एक खुजा खांब, एवढीच खूण.

माझी मामेबहीण शार्लटला राहते. तिच्या कुटुंबाच्या छोट्या ट्रेलरमधून मेअखेरीस मी पिस्गात गेले ती हे जगणं आतून पाहावं म्हणून. तिथे पोहोचल्यावर पहिलं काम गाडी समतल करण्याचं. भावोजी चाकांखाली प्लास्टिकचे ठोकळे सरकवत होते आणि ताई आत स्पिरिट लेव्हलकडे बघून हाताने खुणा करत होती. मला वाटलं, झोपताना डोकं खाली जाऊ नये म्हणून ही खटपट. ताई म्हणाली, “अगं, फ्रिजसाठी!” ट्रेलरमधले गॅसवरचे फ्रिज प्रोपेनच्या लहानशा ज्योतीवर चालतात. ज्योतीच्या उष्णतेने नळ्यांतला अमोनिया वर चढतो आणि नंतर आपल्याच वजनाने खाली वाहत येतो. गाडी कलती राहिली की तो मध्येच साचतो, आणि दूध नासतं.

मग पाणी. त्यांच्या ट्रेलरची टाकी ४० गॅलनची, म्हणजे साधारण दीडशे लिटरची. आपल्याकडे शहरातल्या पाणीपुरवठ्याचं नियोजन माणशी रोज १३५ लिटर धरून करतात. त्या हिशेबाने ही टाकी एका माणसाला एक दिवस पुरेल. इथे ती चौघापाचांना तीन दिवस पुरवायची. शॉवर म्हणजे अंग भिजवणं, नळ बंद, साबण लावणं, नळ चालू, संपलं. ताटं आधी कागदाने पुसून मग धुवायची. वापरलेलं पाणी आणि संडासाचं पाणी दोन वेगळ्या टाक्यांत साठतं आणि परतताना ठरलेल्या ठिकाणी, नळी लावून रिकामं करावं लागतं. खरकटं पाणी झाडाच्या मुळाशी ओतण्याची आपल्याला सवय. इथे ते चालत नाही. बाहेर भांडी घासायची झाली तरी ओढ्यापासून २०० फूट, म्हणजे साठ मीटर, लांब जायचं. पिठलं-भात त्या जागी अमृतासारखा लागला, पण पिठल्याची कढई घासताना आम्ही सगळे टाकीवरच्या काट्याकडे बघत होतो.

विजेचंही तसंच. छतावरच्या सौर पट्ट्यांतून बॅटरी भरते, पण ओढ्याकाठी झाडी इतकी दाट की ऊन दुपारी तासदोन तास जेमतेम पोहोचतं. रात्री गारठा पडतो. हीटर गॅसवर चालतो, त्याचा पंखा मात्र बॅटरीवर. रात्रभर लावला तर सकाळी दिवे मंदावतात. म्हणून रजई. जनरेटरला ठरावीक तासांतच परवानगी, आणि या जागी तो कोणी लावू नये असं माझं स्पष्ट मत झालं. ओढ्याचा आवाज ऐकायला शेकडो मैल यायचं आणि त्यावर इंजिनाची घरघर पसरायची, हे शेजाऱ्यांवर अन्यायाचं आहे.

कॅम्पच्या संडासाबद्दल मराठी लेखात कोणी लिहीत नाही, पण मला त्याचं फार अप्रूप वाटलं. फ्लश नाही, पाणी नाही. खाली सीलबंद टाकी आणि वर काँक्रीटची खोली. तरीही दुर्गंधी जवळजवळ नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिमास इथल्या वनखात्याच्या तंत्रज्ञान केंद्राने या रचनेचा कसून अभ्यास केला होता. टाकीतून छताच्या वरपर्यंत एक जाड, काळी नळी नेतात, तीही उन्हाच्या बाजूने. ऊन लागलं की नळीतली हवा तापून वर जाते, तिच्या जागी खोलीतली हवा भांड्यातून खाली ओढली जाते आणि वास नळीवाटे आकाशात निघून जातो. आपल्या गडकिल्ल्यांच्या पायथ्याशी आणि पंढरीच्या वाटेवर अशा खोल्या हव्यात, हे तिथे उभी असतानाच मनात आलं.

आता या जंगलाची गोष्ट. ती भारतातून जाते, आणि म्हणूनच मला ती सांगायची आहे.

आज पिस्गात सगळं हिरवंगार दिसतं, पण १८९०च्या आसपास या डोंगरउतारांचे मोठे तुकडे तोडलेले, जाळलेले, चरून संपलेले होते. रेल्वेमालकांच्या घराण्यातल्या जॉर्ज व्हँडरबिल्टने ॲशव्हिलजवळ अडीचशे खोल्यांचा ‘बिल्टमोर’ वाडा बांधायला घेतला आणि भोवतालची जमीन विकत घेत सुटला. या जमिनीत शास्त्रीय पद्धतीने वन वाढवा, असा सल्ला त्याला उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडने दिला. १८९२ मध्ये त्यासाठी एक तरुण आला, गिफर्ड पिंचो. तो नुकताच युरोपात वनशास्त्र शिकून आला होता. तिथे त्याला वाट दाखवणारे गुरू होते बॉनचे डीट्रिख ब्रँडिस.

हे ब्रँडिस म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक. १८५६ पासून ब्रह्मदेशातल्या सागवानाच्या रानांत काम केलेले, १८६४ पासून साऱ्या हिंदुस्थानच्या वनखात्याची घडी बसवणारे. निवृत्तीनंतर ते हिंदुस्थानात नेमणूक व्हायच्या इंग्रज विद्यार्थ्यांना जर्मनीची जंगलं दाखवत फिरत. त्या दौऱ्यांत त्यांच्या मदतीला असलेला कार्ल शेंक १८९५ मध्ये बिल्टमोरला पिंचोच्या जागी आला. १८९८ मध्ये शेंकने पिस्गाच्या रानात वनशास्त्राची शाळा काढली. अमेरिकेतली ती पहिली मानतात. त्याच वर्षी पिंचो वॉशिंग्टनला सरकारी वनविभागाचा प्रमुख झाला आणि १९०५ मध्ये नव्या यूएस फॉरेस्ट सर्व्हिसचा. आज त्या खात्याकडे १५४ राष्ट्रीय वनं आहेत. गवताळ कुरणांसह ही जमीन सुमारे १९ कोटी ३० लाख एकर भरते, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपट. ब्रँडिसना पिंचो आयुष्यभर मानत आला. आपलं वनखातं आणि त्यांचं वनखातं एकाच आजोबांची नातवंडं आहेत, असं म्हटलं तर वावगं होणार नाही.

१९१४ मध्ये व्हँडरबिल्ट वारला. त्याची पत्नी एडिथ हिने सुमारे ८६,७०० एकर रान एकरी ५ डॉलरच्या दराने सरकारला दिलं. पूर्वेकडच्या राज्यांत खासगी जमीन घेऊन वनं उभारण्याची मुभा १९११च्या वीक्स कायद्याने आधीच दिली होती. १९१६ मध्ये पिस्गा राष्ट्रीय वन जाहीर झालं. तोडलेल्या डोंगरांवर पुन्हा रान उभं राहायला अर्धं शतक गेलं. मंदीच्या काळात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने बेकार तरुणांची ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ उभी केली, तिची एक छावणी इथे डेव्हिडसनच्या काठी जॉन रॉक या डोंगराखाली होती. रस्ते, पायवाटा, कॅम्प यांतलं कितीतरी काम त्या पोरांच्या हातचं.

आरव्हीवाल्यांची एक नेहमीची तक्रार असते: वनातल्या जागा फार आखूड. तीसपस्तीस फुटांची गाडी कित्येक पट्ट्यांत मावत नाही. यामागे एका माणसाची दृष्टी आहे. इ. पी. मायनेकी हा झाडांच्या रोगांचा अभ्यासक. १९२०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या कॅम्पांत मोठमोठी झाडं का मरत आहेत, हे तो शोधत होता. त्याला दिसलं की लोकांची पावलं आणि मोटारींची चाकं माती दाबून टाकतात, मुळांना हवा-पाणी मिळत नाही आणि झाड वरून धडधाकट दिसत असतानाच खालून मरत असतं. मनाई करून लोक ऐकणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने कॅम्पची आखणीच बदलायला सांगितली: एकेरी वळणाचा रस्ता, त्यातून तिरप्या फुटणाऱ्या आखूड पट्ट्या, कडेला मोठे दगड किंवा ओंडके, टेबल आणि शेकोटी एका जागी घट्ट बसवलेली. गाडी कुठे थांबेल आणि माणूस कुठे चालेल, हे मुकाट्याने ठरून जातं. देशभरच्या कॅम्पांनी ही पद्धत उचलली. गाड्या लांबत गेल्या. झाडांसाठी आखलेल्या पट्ट्या बऱ्याच ठिकाणी तेवढ्याच राहिल्या, आणि तशाच राहाव्यात.

ओढ्याचे मूळ रहिवासी कोण, हेही पाहायला हवं. दक्षिण अ‍ॅपलेशियनमध्ये सॅलॅमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराच्या जितक्या जाती सापडतात तितक्या जगात क्वचितच कुठे. त्यातला सर्वांत मोठा हेलबेंडर, दोन फुटांपर्यंत वाढणारा, चपट्या डोक्याचा, सुरकुतलेल्या कातडीचा जीव. तो श्वास मुख्यतः कातडीतून घेतो, म्हणून त्याला थंड, खळाळतं, गाळ नसलेलं पाणी लागतं. सपाट मोठ्या दगडाखाली त्याचं घर. मादी तिथे अंडी घालते आणि नर राखण करत बसतो. मुलं ओढ्यात उतरून दगडांचे बांध घालतात, मोठी माणसं फोटोसाठी दगडांवर दगड रचतात, आणि एखाद्या दगडासोबत साऱ्या वर्षाची पिल्लं जातात. दगड हलवू नका, अशी विनंती वनखातं म्हणूनच करत असतं. ताईच्या धाकट्याने अर्धा बांध घातला होता. त्याला हे सांगितल्यावर त्याने एकेक दगड आपणहून जागच्या जागी ठेवला. इतका वेळ घेऊन, इतक्या निगुतीने, की मी बघत राहिले.

काठच्या हेमलॉक झाडांची स्थिती मात्र वाईट आहे. पूर्व आशियातून आलेल्या, पिठ्या ढेकणासारख्या दिसणाऱ्या एका सूक्ष्म किडीने त्यांचा रस शोषून सगळ्या पट्ट्यात ती वाळवली आहेत. सावली गेली की पाणी तापतं, आणि इथला मूळचा ब्रूक ट्राउट मासा गार पाण्यावाचून तग धरत नाही. औषध देऊन काही झाडं वाचवली जात आहेत. सरपण घरून आणू नका, जिथे जाळायचं तिथलंच घ्या, हा आग्रहही अशाच किडींमुळे. लाकडाच्या भाऱ्यातून त्या शेकडो मैल प्रवास करतात.

आम्ही गेलो तो काळ ‘ब्लू घोस्ट’ काजव्यांचा. हे काजवे लुकलुकत नाहीत. नर जमिनीपासून हातभर उंचीवर सलग निळसर उजेड धरून संथ तरंगतो. मादीला पंख नसतात. ती पाचोळ्यात असते, आणि वाट सोडून चालणाऱ्याच्या बुटाखाली येते. भंडारदऱ्याला वळवाच्या सुमारास गाड्यांचे झोत झाडांवर सोडणारी गर्दी मला आठवली. काजवे बघायला जाणाऱ्याने दिवा बंद करून, वाटेवरच उभं राहावं, एवढं तरी दोन्हीकडे पाळलं जावं.

अस्वलांसाठी नियम सोपा आणि कडक. शिधा, कचरा, टूथपेस्ट, साबण, सगळं बंद गाडीत किंवा पेटीत. फोडणीचा वास किती लांब जातो, याचा विचार मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे केला. माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल वारंवार कॅम्पात येतं आणि बहुतेकदा शेवटी मारलं जातं. शेकोटी विझवण्याचीही रीत ठरलेली: पाणी ओतायचं, ढवळायचं, पुन्हा ओतायचं, आणि हाताचा मागचा भाग जवळ नेऊन ऊब उरली नाही याची खात्री करायची. कॅम्पवर देखरेख करणारे यजमान बहुधा निवृत्त जोडपं असतं. स्वतःच्या आरव्हीत हंगामभर राहायचं, जागा फुकट, बदल्यात शेकोट्यांची राख उपसायची आणि नवख्यांना समजावायचं. त्यांच्या शांत, आर्जवी बोलण्याला कोणी नाही म्हणत नाही.

ज्या गोष्टीविषयी सगळ्यांत गंभीरपणे बोलायला हवं, ती म्हणजे पाणी चढणं.

११ जून २०१०. आर्कान्सा राज्यातल्या वाशिटा राष्ट्रीय वनात लिटल मिसुरी नदीकाठचा अल्बर्ट पाइक कॅम्प. शाळांच्या सुट्ट्या, भरलेल्या जागा, आरव्हीत आणि तंबूत झोपलेली कुटुंबं. रात्री डोंगरात मुसळधार पाऊस झाला आणि पहाटेच्या अंधारात नदी काही तासांत वीस फुटांवर चढली. २० माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. दरीत मोबाइल चालत नव्हता, धोक्याचा इशारा झोपलेल्यांपर्यंत पोहोचायला साधन नव्हतं. ज्या भागात सर्वाधिक बळी गेले तो पूररेषेच्या आत आखलेला होता. म्हणजे इथे निसर्गाच्या कोपाइतकाच दोष माणसाच्या नकाशाचा.

पिस्गाच्या परिसरातही तेच. ऑगस्ट २०२१ मध्ये फ्रेड वादळाच्या पावसाने ईस्ट फोर्क पिजन नदीला लोंढा आला आणि क्रूसो भागात ६ जण दगावले. काठचे ट्रेलर वाहून गेले. २७ सप्टेंबर २०२४ ला हेलीन वादळ आलं. पिस्गाच्या ईशान्येकडच्या डोंगरांत काही ठिकाणी तीन दिवसांत ३० इंचांवर पाऊस कोसळला. ॲशव्हिलला फ्रेंच ब्रॉड नदीने १९१६च्या महापुराची पातळी ओलांडली. राज्यात शंभराहून अधिक माणसं गेली, गावंच्या गावं तुटली, वनातले रस्ते, पूल आणि कॅम्प ठिकठिकाणी खचले. ओढ्याकाठी अजूनही उन्मळलेल्या झाडांचे ढीग आणि नवे, पांढरे, घासले गेलेले खडक दिसतात.

अशा जागी राहणाऱ्याने आल्याआल्या वर चढायची पायवाट शोधून ठेवावी. गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेला असावं. हवामानखात्याचं रेडिओ प्रसारण ऐकू येणारा लहान रेडिओ उशाशी असावा, कारण तिथे फोन निरुपयोगी. आपल्या डोक्यावर चांदणं असलं तरी उगमाकडे काय चाललं आहे, यावर सगळं अवलंबून. पाणी गढूळ झालं, त्यात काटक्या-पानं येऊ लागली, आवाज बदलला, की सामान आणि गाडी तिथेच सोडून चढावर जायचं. सह्याद्रीतल्या ओढ्यांना आणि धबधब्यांना दर पावसाळ्यात माणसं गमावणाऱ्या आपल्या राज्यात हे नव्याने सांगावं लागू नये, पण लागतं.

पिस्गात फिरताना आणखी एक सल सोबत होता. हे रान चेरोकींचं. १८३८ मध्ये हजारो चेरोकींना सैन्याने या डोंगराळ मुलखातून हाकलून मिसिसिपीपलीकडे नेलं. वाटेत हजारो मेले. चिवटपणे मागे राहिलेल्यांचे वंशज आज पिस्गाच्या पश्चिमेला क्वाला बाउंड्री या त्यांच्या मुलखात राहतात. नंतर व्हँडरबिल्टने डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी विकत घेतल्या आणि त्यांची घरंही उठली. आज साऱ्या जनतेला मोकळं असलेलं हे जंगल आधी असं रिकामं झालं होतं.

आपल्याकडे माणसं जंगलातच होती आणि आहेत. मुंबई इलाख्यात १८४७ मध्येच अलेक्झांडर गिब्सन वनसंरक्षक नेमला गेला होता. पुढे १८७८च्या वनकायद्याच्या वादात गावांना स्वतःची वनं असावीत, असं मत मांडणाऱ्यांत खुद्द ब्रँडिस होते. त्यांचं चाललं नाही. बेडन-पॉवेल या वनाधिकाऱ्याचा, सारं रान सरकारजमा करण्याचा आग्रह जिंकला. पाच वर्षांनी जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात गुरांच्या चराईचं रान हिसकावणाऱ्या जंगलखात्यावरही कोरडे ओढले आहेत. १९३० मध्ये बिळाशीला आणि चिरनेरला जंगल सत्याग्रह झाले. चिरनेरला गोळीबारात माणसं पडली. एकाच गुरूच्या हातून घडलेली दोन खाती: तिकडच्याने लोकांसाठी टेबल मांडलं, इकडच्याची ओळख बहुतेक गावांना पावती, दंड आणि हुकूम यांतूनच झाली.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. धोरणात गाड्या आहेत, सोयी आहेत. रानात रात्र काढायची तर कोणाच्या परवानगीने आणि कोणाच्या फायद्यासाठी, हा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाले, आणि बांबू कसा तोडायचा, कसा विकायचा हे ग्रामसभा स्वतः ठरवू लागली. अशा एखाद्या ग्रामसभेला हवं असेल तर, आणि तरच, तिने आपल्या रानात ओढ्यापासून साठ मीटर लांब, पूररेषेच्या वर, मायनेकीच्या रीतीने आखूड पट्ट्यांच्या आठदहा जागा काढाव्यात. वीज नको, जनरेटर नको, स्पीकर तर मुळीच नको. काळ्या नळीचा संडास, हातपंप, दगडी चूल. भाडं ग्रामसभेच्या खात्यात, यजमान गावातलंच एखादं जोडपं, आणि जूनपासून सप्टेंबरअखेर कॅम्प बंद.